सडकेकडची बांधी

भिंत पडली तेव्हा भागीरथा अजयभाऊच्या शेतात होती. धानाचे परे, लावणीआधीची कोवळी रोपं, अजून वीतभरही झाले नव्हते. त्यांच्यात माजलेलं गवत ती आणि कमळा उकिडव्या बसून खुडत होत्या. रात्रीचा पाऊस सकाळी थांबला होता. पाठीवरचं मेणकापड ऊन लागून अंगाला चिकटत होतं. गावाकडून आवाज आला, धानाचं पोतं उंचावरून टाकल्यासारखा. त्यामागून बायांचा कालवा.

"काय पडलं वो?" कमळा म्हणाली.

भागीरथा उठून उभी राहिली. थोड्या वेळानं शेताच्या धुऱ्यावरून मुखरू येताना दिसला. मुखरू अजयभाऊचा सालदार. साठी उलटलेला, वाकलेला माणूस. त्याला धावताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. आत्ता तो धावत होता आणि त्याच्या छातीशी एक लेकरू होतं. दोघंही मातीनं असे माखलेले की कोण कुठचं कळेना. लेकराच्या हाताला मुखरूचा दुपट्टा गुंडाळलेला होता आणि तो दुपट्टा लाल झाला होता.

तिनं फ्रॉक ओळखला. तिच्या दुर्गाचा होता.

"समाजमंदिराची भिंत," मुखरू धापा टाकत म्हणाला. "सपरीवर आली. बाकीचे पोट्टे निंगाले. हिचा हात दबला होता, बाई. मी हातानं विटा काढल्या."

दुर्गा रडत नव्हती. आईकडे बघत होती. तिच्या ओठांवर विटेचा चुरा होता.

चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र काढावं लागलं. चैतू, दुर्गाचा बाप, बाहेरच्या बाकावर पाय जवळ घेऊन बसून राहिला. तो बोडीत, गावच्या तळ्यात, मासे धरणारा, बांबू तोडणारा, कमी बोलणारा माणूस. डॉक्टरनं कागद पुढं केला तेव्हा त्यानं अंगठ्यासाठी शाईची डबी मागितली. नर्स म्हणाली, पेन घ्या. तो म्हणाला, "मले सही येत नाई." भागीरथानं सही केली. तिला तेवढी येत होती.

घरी आल्यावर अंगणवाडीची रंजीताताई भेटायला आली. चाळिशीची बाई, गावातल्या प्रत्येक लेकराचं नाक तिनं पुसलेलं. समाजमंदिराच्या सपरीत, त्या पडवीत, तीच लेकरांना घेऊन बसायची. आल्या आल्या ती दुर्गाच्या खाटेजवळ बसली आणि रडायला लागली. भागीरथानं तिला रडू दिलं. मग विचारलं, "ताई, नवी खोली असून पोट्टे सपरीत काऊन बसत होते?"

रंजीतानं डोळे पुसले. "तुले माईत नाई का?"

"मले तुह्या तोंडून आयकाचं आहे."

सगळ्या डोंगरबोडी गावाला ते माहीत होतं. दीड वर्षापूर्वी सरकारकडून लहान लेकरांच्या वाचनासाठी पैसा आला होता. ज्यांच्या घरी पुस्तक नाही, आईबाप रोजीला जातात, त्यांच्या लेकरांना शाळेत जायच्या आधी अक्षरांची ओळख व्हावी, म्हणून. त्यातून शाळेमागं नवी खोली बांधली. बांधायचं काम सरपंचबाई उर्वशीच्या नवऱ्यानं, म्हणजे अजयभाऊनंच केलं. भिंतीवर मोर, ससा, बदक काढले, प्रत्येकाखाली अक्षर. बुटक्या खुर्च्या आल्या. चित्रांची पुस्तकं आली, खोकी भरून. उद्घाटनाला साहेब लोक गाडीतून आले. पोरांना ओळीनं बसवून प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं. दुर्गाच्या पुस्तकावर हत्ती होता. फोटो निघाले. गाड्या गेल्या आणि अजयभाऊच्या माणसानं पोरांच्या हातातली पुस्तकं गोळा केली. दुर्गानं हत्ती सोडला नाही, तेव्हा बोटं उलगडून घेतला.

"मी किल्ली मांगतली," रंजीता सांगत होती. "पह्यले मने, पुस्तकं फाटतीन. मंग मने, रंग वला आहे. मंग त्याईनं आत खत ठेवलं. युरियाचे पोते, पंप, पाइप. मी काय करू? सरपंचबाईची सही नसन तं माहा पगार अडते. मॅडम तपासनीले आल्या की दोन दिवस आधी खोली धुऊन ठेवते. त्या गेल्या की पोते आत."

"आन पोट्टे भिंतीखाली."

भागीरथाच्या सासूनं चहा आणला. रंजीतानं घेतला नाही. दुर्गा खाटेवर जागीच होती. पट्टी बांधलेला हात तिनं दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता, कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

पट्टी सुटायच्या आधी नवराबायको अजयभाऊकडे गेले. त्याच्या अंगणात ट्रॅक्टर धुणं चाललं होतं. अजयभाऊ बनियनवर खुर्ची टाकून बसला होता. चाळिशीचा, गोरटेला, पोट सुटलेला. गावातल्या अर्ध्या बांध्या, धानाची शेतं, त्याच्या, आणि उरलेल्या अर्ध्यांत त्याचाच ट्रॅक्टर फिरायचा. त्यानं बसा म्हटलं नाही. ट्रॅक्टरखालून वाहणारं पाणी भागीरथाच्या पायांखाली येत होतं. ती सरकली नाही.

"हात कसा आहे पोरीचा?"

"दोन बोटं गेले, भाऊ," चैतू म्हणाला.

"आयकलं मी. बेज्या वाईट झालं. भिंत जुनी होती. पानी किती पडून राह्यलं."

"नवी खोली बंद होती," भागीरथा म्हणाली.

अजयभाऊनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "खोली पंचायतीची आहे. पंचायत पाहीन कधी उघडाची ते."

"तिच्यात तुमचं खत आहे, भाऊ. लेकराइची खोली होती. दुर्गा तिथी बसली असती तं आज दहा बोटं असते."

ट्रॅक्टर धुणारा थांबला. आतून उर्वशीबाई दारात आली आणि तिथंच उभी राहिली. अजयभाऊ हसला. रागावला असता तर भागीरथाला बरं वाटलं असतं.

"काय कलेक्टर होनार होती का तुही पोरगी? तुह्याच सारखी बांधीत उतरन ना? परे धराले तीन बोटं पुरतात वो." मग त्यानं मुखरूला हाक मारली. "एक पोतं तांदूळ दे यायले. दवाखान्यात खर्च झाला असन."

मुखरूनं पोतं आणून चैतूच्या पायाशी ठेवलं. वर बघितलं नाही. चैतू क्षणभर उभा राहिला, मग वाकला आणि पोतं खांद्यावर घेतलं. भागीरथा त्याच्या मागून चालत घरी आली.

घरात दुसरा तांदूळ नव्हता. दवाखान्यात असताना रोजी बुडाली होती. ते पोतं उघडलं, भात शिजला, सगळ्यांनी खाल्ला. भागीरथानंही खाल्ला. तांदूळ चांगला होता, जुना. प्रत्येक घासाला तिच्या दातांखाली काहीतरी करकरायचं. सासू म्हणायची, खडे नाहीत, मी निवडलेत. चैतूनं एकदा विचारलं, "तू मनात काय ठेवून राह्यली?" ती म्हणाली, "जेव."

श्रावण लागला. परे हिरवेगार होऊन वाऱ्यावर डोलायला लागले. ट्रॅक्टरनं बांध्यांमध्ये चिखल घातला. रोवण्याचे, परे उपटून चिखलात लावायचे दिवस आले. डोंगरबोडीत रोवणा भागीरथाच्या टोळीचा. हात चालणाऱ्या बाया तिच्या शब्दावर एकत्र यायच्या. कोणाच्या शेतात आधी उतरायचं ते ती ठरवायची. आजूबाजूच्या गावांतल्या टोळ्यांचे वायदे केव्हाच झाले होते. अजयभाऊला हे माहीत होतं. तो स्वतः तिच्या दारी आला. अंगणात मोटरसायकल लावली आणि खाली न उतरता बोलला.

"कधी येता?"

"तुमी मनान तेव्हा, भाऊ."

तिच्या रागापुढं कसं बोलायचं याची तयारी करून तो आला असावा. ती तयारी वाया गेली. "मागचं काही मनात नाई ना?"

"गरिबानं मनात ठेवून कसं चालन?" भागीरथा म्हणाली. शेणानं भरलेले हात तिनं पदराला न पुसता तसेच पुढं धरले होते. "मी तं मन्ते, तुमचा रोवना एका झपाट्यात उरकून टाकू. पलीकडच्या गावच्या सुट्या बाया बी घेतो सोबत. तुमी सारे परे एकदमच उपटून ठेवा. बांध्याइत पसरून ठेवा. आमी पहाटे उतरतो, तुकड्यातुकड्यात कायले?"

"साऱ्या बांध्या एकाच वेळी?"

"पानी आहे. ढग आहे. पुढं उघाड देईन तं चिखल सुकन."

त्याला पटलं. मोटरसायकल गेली. सासू चुलीजवळून बघत होती. "धानाशी वैर करू नोको, पोरी," ती म्हणाली. "धानाचा काय गुन्हा?"

"पोरीचा काय होता?"

दुपारी बोडीवर धुणं धुताना भागीरथानं टोळीच्या बायांना सांगितलं. अजयभाऊचे परे उपटून झाले की चिखलात उतरायचं नाही. खोलीसमोर बसायचं. खोली उघडली, खत बाहेर निघालं, पोरं आत बसली की मग रोवणा. सगळ्यांचीच लेकरं त्या सपरीत बसत होती. भिंत कुणावरही पडली असती. कमळाची नात त्या दिवशी ताप आला म्हणून घरी होती. तिनं कपडा पिळता पिळता सगळ्यांत आधी हो म्हटलं.

"खोली उघडली की उतराचं ना पन?" तिनं विचारलं. "परे मराले नाई पाह्यजे. पाप लागते."

"उतराचं," भागीरथा म्हणाली.

परे उपटायला पुरुष लागले. मुखरू पहाटेपासून वाफ्यात वाकलेला होता. मूठ उपटायची, पाण्यात हिसळून मुळांची माती झाडायची, पेंढी बांधायची आणि चिखलात फेकायची. संध्याकाळपर्यंत वाफे मोकळे झाले आणि सगळ्या बांध्यांतून हिरव्या पेंढ्या पसरल्या. सडकेकडच्या मोठ्या बांधीत तर पाय ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाया गुडघ्यावर लुगडी खोचून, कमरेला मेणकापड बांधून निघाल्या आणि शेताच्या वाटेला न वळता शाळेमागं गेल्या. खोलीच्या पायरीवर, ओट्यावर, समोरच्या गवतात बसल्या. लेकरं मांडीवर घेतली. भागीरथानं दुर्गाला कुलपाच्या अगदी खाली बसवलं. हाताची पट्टी सुटली होती. जखम भरली होती, तिथली कातडी गुलाबी आणि चकचकीत होती.

आकाश स्वच्छ झालं होतं. भागीरथानं सांगितलेली उघाड तिच्या अपेक्षेच्याही आधी आली. ऊन तापायला लागलं.

अजयभाऊ आला तेव्हा त्याच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता. कुठेतरी जायचं टाकून आला होता. "हे काय आहे?"

"बसलो," कमळा म्हणाली.

"रोवना?"

"खोली उघडा, भाऊ," भागीरथा म्हणाली. "खत काढा. लेकरं आत बसले की आमी चिखलात."

"मले धमकी देऊन राह्यली का?"

"धमकी कायची? सरकारनं लेकरायले खोली देल्ली, पुस्तकं देल्ले. ते मांगून राह्यलो."

"उद्या दुसरी टोळी आनतो मी. पाहतो तुमाले कोन कामावर बलावते."

"आना."

तो गेला. दिवसभर त्याची गाडी सिंदेवाहीच्या सडकेवर जात-येत राहिली. कुठेच टोळी मोकळी नव्हती. ज्या गावात बाया होत्या तिथं त्यांच्याच बांध्या अर्ध्या पडल्या होत्या. दुपारी मुखरू एकटा बादलीनं पेंढ्यांवर पाणी मारताना दिसत होता. बांधीतलं पाणी इतकं तापलं होतं की पाय ठेवला की पोळायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उर्वशीबाई आली. नवऱ्यासोबत नाही, एकटी. सरपंच होऊन चार वर्षं झाली तरी तिला गावानं कधी एकटीनं बोलताना पाहिलं नव्हतं. तिनं पदराच्या गाठीतून किल्ली सोडली, कोणाकडे न बघता कुलूप काढलं आणि म्हणाली, "आता चाला, बाप्पा. परे मरून राह्यले." आणि आली तशी गेली.

बाया आत शिरल्या. युरियाच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. पोती त्यांनी ओढत ओढत बाहेर काढली आणि गवतात टाकली. पंप, पाइप, तुटका फवारा, सगळं निघालं. भिंतीवरच्या मोराची शेपूट ओलीनं फुगून सुटली होती. बुटक्या खुर्च्या एकात एक अडकवून कोपऱ्यात दाबल्या होत्या. पुस्तकांची खोकी सगळ्यांत मागं होती. खालच्या खोक्यातल्या पुस्तकांना वाळवी लागली होती, हात लावला की पानांचा भुगा व्हायचा. वरच्या खोक्यातली चांगली होती. रंजीताताईनं जमिनीवर पाणी टाकून झाडू मारायला घेतलं. पोरं दारात गर्दी करून उभी होती, कोणी आत यायला तयार नव्हतं. कमळाची नात आधी घुसली, तिच्यामागं सगळी. थोड्याच वेळात प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक पुस्तक उघडं होतं आणि सगळी एकदम बोलत होती. दुर्गानं डाव्या हातानं पान उलटायचा प्रयत्न केला. एकदम दोन पानं उलटली. तिनं परत मागं येऊन एकच धरलं.

बाया हसत होत्या. कमळानं भागीरथाच्या दंडाला धरलं. "चाल, आता उतरू. अजून जीव आहे पऱ्याइत. दिवस बुडेपर्यंत मोठी बांधी होते."

"आज लेकरायजवळ बसा," भागीरथा म्हणाली. "मी अजयभाऊले भेटून येते. पहाटे उतरू."

ती अजयभाऊकडे गेली नाही. शेताच्या वाटेनं गेली. सडकेकडच्या बांधीत पेंढ्यांची टोकं पिवळी पडली होती. मुखरू धुऱ्यावर बसला होता. पाय चिखलात, डोक्यावर ओला दुपट्टा. तिला बघून तो उठला. त्याला वाटलं बाया येत आहेत. तिच्यामागं कोणी नव्हतं.

"खोली उघडली ना?" त्यानं विचारलं.

"हाव."

"मंग?"

तिनं वाकून एक पेंढी उचलली. आतून गरम होती. गाठीजवळची मुळं करडी पडत होती.

"आजच उतरा, बाई," मुखरू म्हणाला. "उद्या हे जगत नाई. माह्या सालाचं धान यातूनच भेटते. मालकाले नाई पिकलं तं तो मले काय देईन?"

"मुखरूभाऊ, तुमी मले दुसरं काही मांगा."

"मले दुसरं काही नाई पाह्यजे."

भागीरथानं पेंढी होती तिथंच ठेवली, हलक्या हातानं, लावायची असल्यासारखी. "त्यानं मले त्याच्या अंगनात उभं ठेवलं," ती म्हणाली. "माही पोरगी तीन बोटाची झाली तं चालते मने. तुमी तिथीच होते, भाऊ. तुमी आयकलं."

"आयकलं," मुखरू म्हणाला. "मी बोललो नाई. मी कधीच नाई बोललो."

ती परतली. दिवेलागणीला टोळीच्या बायांच्या दारोदार गेली आणि सांगितलं, अजयभाऊला दुसरी टोळी मिळाली. आपल्याला नको म्हणाला. पलीकडच्या गावच्या पाटलानं निरोप दिलाय, पहाटे तिकडे जायचं. निरोप खरा होता. बाकीचं नव्हतं. कमळा उंबऱ्यात उभी होती. तिनं विचारलं, "सच्ची?" भागीरथा म्हणाली, "सच्ची." आयुष्यात कमळाशी ती पहिल्यांदा खोटं बोलली आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

पहाटे टोळी सडकेनं गेली. मोठी बांधी डाव्या हाताला होती. अंधुक उजेडात पेंढ्या काळसर दिसत होत्या. बाया बोलत चालल्या होत्या. भागीरथा सगळ्यांत मागं होती. तिला वाटलं होतं, छातीत काहीतरी मोकळं होईल. झालं नाही. पण पाय हलके पडत होते, आणि तिला ते आवडत होतं.

त्या दिवशी अजयभाऊ ऊन चढेपर्यंत धुऱ्यावर टोळीची वाट बघत होता. मग त्याला कळलं. चौथ्या दिवशी वास सुटला. कुजलेल्या पऱ्यांचा वास आंबट असतो, गळ्यात बसतो. गावात घराघरांत तो येत होता. अजयभाऊनं इकडून तिकडून परे मागून दोनतीन लहान बांध्या कशाबशा लावून घेतल्या. सडकेकडची मोठी बांधी तशीच राहिली. एके दुपारी लोकांनी त्याला पाहिलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तो त्या चिखलात उभा होता आणि पेंढ्या पायानं उलट्या करून बघत होता, एखादी तरी जिवंत सापडते का म्हणून. भागीरथा पलीकडच्या शेतातून परतत होती. ती थांबली आणि तिनं त्याला पोटभर पाहिलं. त्यानंही पाहिलं. ती पदर न घेता उभी राहिली. मान वळवली ती त्यानं.

कमळाला खरं कळायला उशीर लागला नाही. ती अंगणात आली, आत आली नाही.

"तू आमाले फसवलं."

"हाव."

"आमाले खोली पाह्यजे होती. ते भेटली होती. मंग काऊन?"

"तुमाले खोली पाह्यजे होती," भागीरथा म्हणाली. "मले तो पाह्यजे होता."

"आता त्याच्या शेतात कापनी नाई, बांधनी नाई, चुरना नाई. टोळीच्या पोटावर पाय देल्ला तू. माह्या तोंडून त्या दिवशी हाव वदवून घेतलं."

कमळा गेली. पुढच्या शेताला टोळी कमळाच्या शब्दावर निघाली. भागीरथा त्यात चालली, पण वाट ठरवणारी म्हणून नाही.

पोळा झाल्यावर अजयभाऊनं मुखरूला सालावरून काढलं. म्हाताऱ्यानं पेंढ्या वाचवल्या नाहीत, असं कारण दिलं. मुखरूला पुढं कोणी ठेवणार नव्हतं. गावातली काही माणसं मिरची तोडायला तेलंगणात निघाली होती, त्यांच्यात तो मिसळला. ते लोक खरं तर दिवाळीनंतर जातात. हे आधीच चालले होते, मिळेल ते काम धरायला. भागीरथा सडकेवर गेली. मुखरू गाठोड्यावर बसला होता. तिनं फडक्यात भाकरी आणि सुकी मासळी बांधून नेली होती. ती त्याच्या पुढं ठेवली.

"भाऊ, जाऊ नोका. आमच्यात राहा. चैतू बी मन्ते."

मुखरूनं फडक्याला हात लावला नाही. "भिंतीखालून पोरगी काढली," तो म्हणाला, "तेव्हा मले कोनाची पोरगी, कोनाची भिंत, काई आठोलं नाई. परे मारले तेव्हा तुले बी माहं नाव नाई आठोलं. तुहं माहं सारखंच झालं, बाई." तो रागानं बोलत नव्हता.

ट्रक आला. तो चढताना त्याचा पाय घसरला. वरच्या पोरांनी बगलेत धरून ओढला. भाकरीचं फडकं सडकेवर राहिलं. भागीरथानं ते उचललं आणि घरी येऊन कोणाला न दाखवता घरामागच्या सांदवाडीतल्या कोंबड्यांपुढं टाकलं. कोंबड्या खाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

खोली मात्र उघडी राहिली. तपासणीला मॅडम आल्या, न सांगता. पोरांना खुर्च्यांवर पुस्तकं घेऊन बसलेली बघून त्या खूष झाल्या. म्हणाल्या, वापर दिसला की पुढच्या वर्षीही निधी येतो, नाही दिसला की परत जातो. वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकांच्या जागी नवी येतील. उर्वशीबाईनं दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. ती उभी राहिली. गरिबांच्या लेकरांसाठी सरकारनं केलं, ते आपण सांभाळावं, एवढंच बोलून बसली. अजयभाऊ आला नव्हता. किल्ली आता रंजीताताईच्या गळ्यात असायची, काळ्या दोऱ्यात.

दुर्गा डाव्या हातानं खडू धरायला लागली. मोराचं अक्षर तिला आधी आलं, मग बदकाचं. तिचं अक्षर उलटं पडायचं, रंजीताताई हात धरून सरळ करायची. दुपारी भागीरथा तिला आणायला जायची. टोळीचं काम आता रोज नसायचं, त्यामुळं तिला वेळ असायचा. घराची वाट शाळेपासून सरळ होती. तरी भागीरथा पोरीला सडकेनं फिरवून आणायची.

अश्विन सरत आला. दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये धान लोंबीवर येऊन पिवळं झालं होतं. मधे सडकेकडची मोठी बांधी उघडी होती. तिच्यात गवत माजलं होतं, कोणाची तरी गाय चरत होती, बगळे फिरत होते. भागीरथा रोज तिथं पावलं हळू करायची. पोरगी बडबडत पुढं जायची आणि मग मागं वळून आईची वाट बघायची.

त्या दिवशी दुर्गाही थांबली. तिनं पिवळ्या बांध्यांकडे पाहिलं, मग या बांधीकडे.

"आई, इथी धान काऊन नाई?"

भागीरथानं तिचा हात धरला. "मी लावलं नाई."

दुर्गानं विचार केला. "विसरली का?"

"नाई," भागीरथा म्हणाली. "विसरली नाई."